मधुमेही मांजराचे पथ्य

आरोग्याच्या या सदरात आज मांजर कुठून आले, असे वाचकांना वाटेल. मी माणसांचा डॉक्टर. जनावरांच्या उपचारांचे शिक्षण मी घेतलेले नाही. पण चार महिन्यांपूर्वी माझ्या एका सल्ल्यामुळे एका बोक्याचा जीव जाता जाता वाचला. तो प्रसंग आणि त्यानंतर पशुवैद्यांकडून मी जे शिकलो, ते आज लिहितो आहे. घरात मांजर नसले तरी इन्शुलिन घेणारे माणूस पुष्कळ घरांत असते. त्यांनीही हे वाचावे.

शाळेत मला गणित शिकवणाऱ्या बाई आता पंचाहत्तरीच्या आहेत. मधुमेहासाठी दरमहा माझ्याकडे येतात आणि अजूनही मला 'अरे' म्हणतात. त्यांचा बोका गुंड्या नऊ वर्षांचा. घराबाहेर न पडणारा, सात किलोंचा गलेलठ्ठ. मागच्या वर्षी तो भांडेभांडे पाणी पिऊ लागला. लघवीचे प्रमाण वाढले, त्या जागी मुंग्या येऊ लागल्या. भरपूर खाऊनही वजन साडेपाच किलोंवर आले आणि चालताना मागच्या पायांच्या टाचा जमिनीला टेकू लागल्या. जिल्ह्याच्या ठिकाणच्या पशुवैद्यांनी मधुमेहाचे निदान केले, दिवसातून दोनदा इन्शुलिन सुरू केले आणि पथ्याचा कागदही दिला. त्यात मांसाहार लिहिलेला पाहून शाकाहारी बाईंनी तो कागद पंचांगात ठेवून दिला. गुंड्याचे तीन वेळचा दूधभात आणि चहात बुडवलेले बिस्किट चालूच राहिले. इन्शुलिन दोन युनिटवरून चार युनिटवर गेले, तरी साखर ३५० च्या खाली येईना.

"अरे, माझी साखर बघतोस, मग याची का नाही सांगत?" असे बाईंनी विचारले, तेव्हा मी रोजच्या सवयीने बोलून गेलो, "बाई, भात, दूध, बिस्किट सगळे बंद. शेजाऱ्यांकडून उकडलेली कोंबडी आणून घाला." बाईंनी मन घट्ट करून तसे केले. चौथ्या दिवशी सकाळी त्या रिक्षाने दवाखान्यात आल्या, ते गुंड्याला टॉवेलात गुंडाळूनच. मान डुगडुगत होती, पाय लटपटत होते, नजर शून्यात. कानाच्या कडेला सुई टोचून थेंब घेतला. साखर ३८! ग्लुकोजचे घट्ट पाणी बोटाने हिरड्यांना चोळले आणि पशुवैद्यांना फोन लावला. ते म्हणाले, "डॉक्टर, पथ्य तुम्ही बरोबर सांगितलेत. पण दूधभातावर बेतलेला इन्शुलिनचा डोस तसाच ठेवलात."

चूक माझीच होती. माणसाच्या बाबतीत मी ती केली नसती. रुग्णाचा आहार एकदम बदलला की गोळ्या-इन्शुलिन कमी करावे लागते, हे मी रोज सांगतो. मांजराच्या बाबतीत तर हे अधिकच लागू पडते, कारण आहाराचा त्याच्या साखरेवर होणारा परिणाम आपल्यापेक्षा ठळक असतो. याचे कारण मांजराच्या शरीराच्या घडणीत आहे.

मांजर हा जन्मजात मांसाहारी प्राणी. उंदीर किंवा पाखरू यांत प्रथिने आणि चरबी असते, पिष्टमय भाग नाममात्र. म्हणून पिष्ट पचवण्याची सोयही मांजराला तोकडीच मिळाली आहे. त्याच्या लाळेत पिष्ट पचवणारे पाचकद्रव्य नसते आणि स्वादुपिंडातूनही ते थोडेच येते. आपण भात खाल्ला की रक्तातली वाढलेली साखर यकृत चटकन उचलून साठवते. हे काम करणारे एक मुख्य विकर मांजराच्या यकृतात फार क्षीण असते. उलट प्रथिनांपासून साखर तयार करण्याचा त्याच्या यकृताचा कारखाना पोट भरलेले असतानाही चालू असतो. त्यामुळे दूधभाताची साखर रक्तात शिरते आणि कित्येक तास रेंगाळते. त्यात लठ्ठपणा असला की इन्शुलिनचा प्रभावही घटतो. गंमत अशी की मांजराला गोड चवच कळत नाही. ती ओळखणारे जनुक त्याच्यात निकामी असल्याचे २००५ साली संशोधकांनी दाखवून दिले. म्हणजे बिस्किटाचा हट्ट गुंड्याचा नव्हता, बाईंचा होता!

मधुमेही माणसाला आपण भाकरी, डाळ, पालेभाजी, कोशिंबीर सांगतो. मांजराला यातले काही उपयोगाचे नाही. त्याच्या रोजच्या उष्मांकांत पिष्टमय पदार्थांचा वाटा १२ ते १५ टक्क्यांच्या आत असावा, असे पशुवैद्य सांगतात. बाजारात मिळणारे मांजरांचे कोरडे दाणे सोयीचे खरे, पण त्यांतल्या पुष्कळांत हा वाटा ३० टक्क्यांच्या वर असतो. त्या मानाने डब्यातले किंवा पाकिटातले ओले अन्न बहुधा बरे. त्यात पाणीही पोटात जाते. घरी करायचे तर नुसती उकडलेली कोंबडी किंवा मासळी कायमची पुरत नाही. बिनहाडाच्या मांसात कॅल्शियम अपुरे पडते, आणि मांजराच्या हृदयाला व डोळ्यांना लागणारे टॉरिन शिजवताना पाण्यात उतरून जाते. तेव्हा पाककृती पशुवैद्यांकडूनच घ्यावी. कांदा-लसणाचा रस्सा तर मांजराला विषारीच. म्हाताऱ्या मांजराचे मूत्रपिंड थकलेले असेल, तर मांस किती द्यायचे याचा हिशेब पुन्हा वेगळा.

आणखी एक धोका आपल्याकडच्या उपासाच्या सवयीतून येतो. जाड मांजराला 'दोन दिवस उपाशी ठेवले की उतरेल' असे कोणी सांगितले तर मुळीच ऐकू नये. उपाशी राहिलेल्या लठ्ठ मांजराच्या यकृतात चरबी साचून ते प्राणावर बेतू शकते. वजन आठवड्याला शंभरात एका भागाइतके उतरले तरी पुरे. मांजराने खाणे टाकले असेल तर नेहमीचे इन्शुलिनही आपल्या मनाने टोचू नये, आधी फोन करावा. घरातल्या मधुमेही माणसाच्या गोळ्या, कारल्याचा रस, मेथीची पूड हे प्रयोग नकोत.

आहार बदलायचा तो पशुवैद्यांना सांगून, आठवडाभरात हळूहळू, आणि त्या काळात साखर वरचेवर तपासून. माणसांचा ग्लुकोमीटर चालतो, मात्र मांजराच्या रक्तात तो आकडा थोडा कमी दाखवतो. दवाखान्यात घाबरलेल्या मांजराची साखर नुसत्या भीतीनेच अडीचशे-तीनशेपर्यंत चढू शकते. म्हणून घरी, मांडीवर बसवून घेतलेला आकडा अधिक भरवशाचा. मांजर लटपटू लागले, भेलकांडू लागले, झटके आले, तर ग्लुकोज, मध किंवा साखरेचे पाणी हिरड्यांना चोळावे. घशात ओतू नये, ते फुप्फुसात जाते. शुद्धीवर आले की खाऊ घालावे आणि तरीही पशुवैद्य गाठावा, कारण टोचलेल्या इन्शुलिनचा अंमल अजून उतरलेला नसतो आणि साखर पुन्हा खाली येऊ शकते.

गुंड्याचे इन्शुलिन त्या दिवशी पशुवैद्यांनी थांबवले आणि पुढे एका युनिटपासून पुन्हा सुरू केले. पंचांगातला कागद बाहेर निघाला. बाईंनी जुन्या हजेरीपटासारख्या रेघा मारून वही केली आहे: तारीख, काय खाल्ले, किती खाल्ले, साखर किती, इन्शुलिन किती. दीड महिन्यापूर्वी इन्शुलिन पूर्ण बंद झाले. वेळेवर उपचार आणि योग्य आहार मिळाला तर काही मांजरांत असे घडते. मात्र मधुमेह पुन्हा डोके वर काढू शकतो, म्हणून वही चालू आहे. पायांतली ताकद हळूहळू परत येते आहे, खिडकीत अजून उडी मारत नाही.

परवा बाई आल्या तेव्हा वहीत गुंड्याची सकाळची साखर ११८ होती. त्यांची स्वतःची निघाली २१०. चहातले बिस्किट बोक्याचे सुटले आहे, बाईंचे नाही.