आभाळ पांढरं, डोंगर काळा

प्रश्न : मोबाइलवर भातलावणीचे फोटो काढतो. आभाळ पांढरंफटक येतं, मागचा डोंगर काळपट. कुठलं अ‍ॅप वापरू?
– एक वाचक, धसई (ता. मुरबाड)

उत्तर : अ‍ॅपचं नंतर पाहू. सह्याद्रीची भिंत तुमच्या पूर्वेला आहे. सकाळी ऊन डोंगरामागून येतं, कडा सावलीत राहतो. उघडीप मिळाली तर दुपारी चारनंतर तेच ऊन कड्यावर पडतं. डोंगर तेव्हा टिपा. सकाळीच काढायचा असेल तर स्क्रीनवर आभाळावर बोट दाबून धरा आणि उजेड थोडा कमी करा. फोटो काळोखा दिसेल, दिसू द्या. सावली नंतर उजळता येते, जळून पांढरं झालेलं आभाळ परत येत नाही.

लावणी करणाऱ्या बायांचे फोटो उभ्याने काढले की नुसत्या वाकलेल्या पाठी येतात. त्यांना विचारून बांधावर उकिडवे बसा. मग चेहरे दिसतात, रोपांची मूठ दिसते. कॅमेऱ्यात ग्रिड सुरू करून डोंगरमाथा वरच्या आडव्या रेघेजवळ ठेवा.

आता अ‍ॅप : स्नॅपसीड फुकट आहे आणि पुरेसं आहे. आधी फोटो सरळ करा, पण डोंगरउतारावरून नव्हे, विजेच्या खांबावरून. मग क्रॉप, मग हायलाइट्स खाली, शॅडोज किंचित वर. सॅचुरेशनला हात लावू नका, आषाढातलं हिरवं मुळातच भडक असतं! छायाचित्रकार सुधारक ओलवे यांची मुंबईच्या सफाई कामगारांची कृष्णधवल छायाचित्रं जरूर बघा. तिथे रंगच नाही, सगळा भार मांडणीवर आहे. मूळ फोटो मात्र पुसू नका, बदल वेगळ्या प्रतीवर करा.