घड्याळ रोज बघा, पण हिशेब महिन्याचा ठेवा

दवाखान्यात आलेला पेशंट हल्ली तक्रार सांगायच्या आधी मोबाइल पुढे करतो. "डॉक्टर, काल रात्री घड्याळात ऑक्सिजन अठ्ठ्याऐंशी दाखवत होता." मी बोटाला ऑक्सिमीटर लावतो, तो अठ्ठ्याण्णव दाखवतो. घड्याळाचा पट्टा बघावा तर इतका सैल की बांगडीसारखा मनगटाभोवती फिरतोय. ऑक्सिजन ठीकच होता, झोप मात्र त्या आकड्याच्या काळजीने गेलेली असते.

स्मार्ट वॉच वापरू नका असं मी कुणालाच सांगत नाही. उलट बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरच्या माणसाला त्याचा चांगला उपयोग आहे, कारण आपलं आयुष्य लोकलच्या वेळापत्रकावर चालतं आणि तब्येत हळूहळू कशी उतरत जाते ते कळायला उसंतच नसते. फक्त एका दिवसाच्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नका. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दहा मिनिटं काढा, ॲपमधून मागच्या महिन्याची सरासरी बघा आणि साध्या वहीत लिहा. घड्याळ बदललं, मोबाइल हरवला, तरी वही राहते.

त्या वहीत सर्वांत वर लिहा विश्रांतीची नाडी, म्हणजे शांत पडून असताना मिनिटाला किती ठोके पडतात तो आकडा. घड्याळाच्या मागचा हिरवा दिवा कातडीखालच्या रक्ताची भरती-ओहोटी टिपतो आणि त्यावरून ठोके मोजतो. स्वस्थ बसलेल्या किंवा झोपलेल्या माणसात हे मोजमाप बऱ्यापैकी खरं निघतं. हात हलत असेल, घाम असेल, पट्टा सैल असेल किंवा दिव्याखाली गोंदण असेल तर चुकतं. पट्टा मनगटाच्या हाडापासून एक बोट वर, न रुतता नीट बसेल असा बांधा.

मोठ्या माणसाची विश्रांतीची नाडी साधारण ६० ते १०० असते. नियमित व्यायाम करणाऱ्यांची पन्नाशीतही असते, रक्तदाबाची मेटोप्रोलॉलसारखी गोळी घेणाऱ्यांचीही कमी असते. म्हणून शेजाऱ्याच्या आकड्याशी तुलना करू नका. तुमची नाडी गेले चार महिने ६८च्या आसपास असेल आणि या महिन्यात सरासरी ७८ आली, तर ती अजून 'नॉर्मल'मध्येच बसते, पण तुमच्यासाठी नॉर्मल नाही. आधी साधी कारणं बघा. एप्रिल-मे महिन्यांत बदलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, घामाने अंगातलं पाणी कमी होतं आणि नाडी चढते. ताप एक अंश सेल्सिअसने वाढला की नाडी साधारण दहा ठोक्यांनी वाढते, त्यामुळे पावसाळ्यात डेंग्यू-मलेरियाचे आठ दिवसही महिन्याची सरासरी वर नेतात. यातलं काहीच नसेल तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. पाळीत जास्त रक्तस्राव होणाऱ्या कितीतरी बायका थकवा अंगावर काढतात, 'कामाचाच आहे' म्हणतात. नाडीचा चढता आकडा तुमच्याकडे असेल तर तो आवर्जून डॉक्टरांना दाखवा.

झोपेचं दुखणं आपल्या पट्ट्यात सगळ्यांत मोठं आहे, असं माझं मत आहे. सीएसएमटी ते बदलापूर ६८ किलोमीटर. फास्ट लोकल मिळाली तरी एका बाजूला दीड तासाच्या आसपास जातो. बसायला जागा मिळावी म्हणून अंबरनाथ-उल्हासनगरची माणसं आधी उलटी बदलापूरला येतात, त्यात आणखी वेळ जातो. सोमवार ते शुक्रवार पाच तास आणि शनिवार-रविवारी दहा-दहा तास झोपणाऱ्याची सरासरी कागदावर आहे त्यापेक्षा बरी दिसते. म्हणून कामाच्या दिवसांची झोप आणि सुट्टीची झोप वेगवेगळी लिहा. मोठ्या माणसाला रोज किमान सात तास लागतात. आनंदनगर किंवा मोरिवली एमआयडीसीत शिफ्ट करणाऱ्यांनी रात्र-दिवस न बघता चोवीस तासांतली एकूण झोप लिहावी. 'गाढ झोप इतकी, स्वप्नांची झोप इतकी' हे घड्याळ सांगतं, त्यावर फार विसंबू नका. झोपेचे टप्पे नेमके कळायला मेंदूच्या लहरी मोजाव्या लागतात. घोरणं, दिवसा डुलक्या लागणं आणि सकाळी डोकं जड होणं असेल, तर घड्याळ काहीही म्हणो, डॉक्टरांना भेटा.

पावलांबद्दल थोडक्यात. दहा हजारांचा आकडा कुठल्या वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही, १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजणाऱ्या यंत्राचं ते नाव होतं. अमेरिकेतल्या वयस्कर स्त्रियांवरच्या २०१९च्या अभ्यासात दिवसाला साधारण ४,४०० पावलांपासूनच फायदा दिसला आणि ७,५००च्या पुढे तो फारसा वाढला नाही. शिवाय घड्याळ मोजतं हाताची हालचाल. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या धरून स्टेशनपासून घरी आलात तर बरीचशी पावलं हुकतात, भांडी घासताना मात्र काही फुकटात मिळतात. म्हणून वहीत दमदार चालण्याची मिनिटं लिहा: बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, असा वेग. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगते. उल्हासनगरचं गोल मैदान असो, अंबरनाथचा शिवमंदिर परिसर असो की बदलापुरात उल्हास नदीकडचा रस्ता, पाच दिवस अर्धा-अर्धा तास पुरतो.

आता ज्या गोष्टी घड्याळावर सोडू नयेत, त्या. रक्तदाब दंडाला पट्टा बांधायच्या मशीनवरच मोजा. पाच मिनिटं पाठ टेकून बसा, पाय जमिनीवर, चहा-तंबाखू अर्धा तास आधी बंद, दोन वेळा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. घरी वारंवार १३५/८५च्या वर येत असेल तर दाखवा. कंबर शिंप्याच्या टेपने बेंबीच्या पातळीवर मोजा. पुरुषांची ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली की मधुमेहाची आणि हृदयविकाराची जोखीम वाढते, वजन तेवढंच असलं तरी. वजनही महिन्याच्या त्याच रविवारी करा: सकाळचं रिकामं पोट, तोच वजनकाटा.

सुई न टोचता साखर दाखवणारं घड्याळ कुणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. असं एकही घड्याळ किंवा अंगठी आपण मान्य केलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४मध्ये दिला. अशा आकड्यावर इन्सुलिनचा डोस ठरवला तर जिवावर बेतू शकतं. मधुमेह असेल तर बोटाची तपासणी आणि दर तीन महिन्यांनी एचबीएवनसी, हेच धरून चला. घड्याळ नसेल तरी काही अडत नाही. तिशी ओलांडलेल्यांना रक्तदाब आणि साखर सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासून मिळते. खर्च करायचाच असेल तर घरात आई-वडील असणाऱ्यांनी आधी रक्तदाबाचं मशीन घ्यावं, घड्याळ नंतर.

काही घड्याळांत ईसीजी असतो. त्यात हृदयाची लय बिघडलेली कळू शकते, आणि तशी सूचना वारंवार आली तर ती पट्टी छापून डॉक्टरांकडे न्या. हार्ट अटॅक मात्र त्यात कळत नाही. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, श्वास लागणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, यातलं काही झालं तर मनगटाकडे बघत बसू नका. लोकलमध्ये असाल तर सहप्रवाशांना सांगा, पुढच्या स्टेशनवर उतरा. घरी असाल तर १०८ला फोन करा आणि दार उघडं ठेवा.