थांबण्याची ऐपत

महालातल्या बुधवार बाजारात दिवेलागणीला भाजी स्वस्त होते, हे नागपुरात कोणाला सांगावे लागत नाही. खोलीवर स्वयंपाक करणाऱ्या आम्हा मुलींचा तर बाजाराचा मुहूर्तच तो. मागच्या हिवाळ्यात अशाच एका संध्याकाळी मेथीच्या शेवटच्या जुड्या घेऊन बसलेल्या एका म्हातारीपाशी आम्ही थांबलो. दुपारी दहाला एक असलेली जुडी आता वीसाला तीन झाली होती. आम्ही चार मागितल्या. ती म्हणाली, "घेऊन टाक ना बाई, गाडी सुटून राहिली माही." चार जुड्या पिशवीत पडल्या आणि मोठा व्यवहार जमल्याच्या आनंदात आम्ही परत आलो.

योगायोग असा की, त्याच आठवड्यात वर्गात मार्शलचे बाजारकालाचे विवेचन चालू होते. त्याच्या 'प्रिन्सिपल्स ऑफ इकॉनॉमिक्स' (१८९०) या ग्रंथात मासळीबाजाराचे उदाहरण आहे. आज बाजारात आलेली मासळी उद्या टिकणार नाही. म्हणून आजचा पुरवठा ठरलेला, आणि भाव ठरवायला उरते ती फक्त मागणी. परीक्षेपुरते हे उदाहरण मी अनेकदा लिहिले होते. त्या दिवशी मात्र मासळीच्या जागी मेथी दिसू लागली आणि उदाहरणाला चेहरा आला. मार्शल पुढे श्रमाविषयीही तेच म्हणतो. कामगाराचे श्रम नाशवंत असतात, आजचा न विकलेला दिवस उद्या विकता येत नाही, आणि विकणाऱ्याच्या गाठीला बहुधा काही नसते. त्याच्याही आधी, १७७६ साली, अ‍ॅडम स्मिथने लिहून ठेवले आहे की, मालक काम बंद ठेवून वर्ष-दोन वर्षे निभावून नेईल, पण पुष्कळ मजुरांना एक आठवडाही काढता येणार नाही. थोडक्यात, भाव केवळ मालाचा नसतो. कोण किती थांबू शकतो, याचाही तो भाव असतो. हे नागपूरच्या मालाला कसे लागू पडते, ते पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

आपल्या शहराने आठवड्यातले बहुतेक वार पेठांना वाटून दिले आहेत. इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी. पिकवणारा आणि वापरणारा समोरासमोर उभे राहत, तो त्यांचा दिवस या नावांत शिल्लक आहे. त्या बाजाराचे गोडवे गाण्याची आपल्याकडे पद्धत आहे, पण तेव्हाही न विकलेली पाटी डोक्यावर घेऊन परत जावेच लागत असणार. फरक दुसरीकडे आहे. बाजार आठवड्यातून एकदाच भरत असे तेव्हा गिऱ्हाईकही अडलेले असे. आज भाजी घेतली नाही तर पुढे सात दिवस डाळीवर भागवावे लागे. दोघांनाही एकाच सूर्यास्ताची घाई होती. आता आमच्या खोलीत फ्रीज आहे आणि कोपऱ्यावर रोज उघडे असणारे दुकान आहे. थांबण्याची सोय गिऱ्हाइकाच्या घरी आली. विकणारी मात्र शेवटच्या गाडीच्या वेळेशी बांधलेलीच राहिली.

संत्र्याचे अधिक विस्ताराने लिहिते, कारण ते मी घरी पाहिले आहे. आमची बाग काटोल तालुक्यात आहे. संत्र्याचे दोन बहार असतात. आंबिया बहाराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि फळ ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये उतरते. मृग बहार पावसाच्या तोंडी फुलतो आणि त्याचे फळ फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये हाती येते. झाडाचे पाणी तोडून त्याला ताण द्यायचा, मग पाणी सोडून फुलवायचे, ही त्यातली कला. म्हणजे संत्र्याच्या झाडाला आम्ही थांबायला शिकवतो. फळाला नाही शिकवता येत. रंग आल्यावर ते काही आठवडे झाडावर राहते, पण पुढे साल सुटून पोकळ होते आणि गळ सुरू होते. शिवाय जुने फळ झाडावर रेंगाळले की पुढच्या बहाराला फटका बसतो.

म्हणून पुष्कळ शेतकरी बाग झाडावरच विकून मोकळे होतात. फळ लिंबाएवढे असताना व्यापारी येतो, ओळीओळीतून फिरतो, नजरेने अंदाज बांधतो आणि इसार देऊन ठोक्यात सौदा करतो. पुढची गारपीट, वाहतूक, कळमन्याच्या बाजारातली चढउतार हे सारे त्याच्या माथी, असे करारात असते. तीन वर्षांपूर्वी आमच्या बाबांनी अशीच बाग दिली. तोडणीच्या वेळी भाव उतरला. व्यापारी आठ दिवस फिरकलाच नाही. नवव्या दिवशी आला तेव्हा अर्धे फळ "बारीक आहे" म्हणून बाजूला काढले आणि ठरलेल्या रकमेत मोठी घट मागितली. मी बाबांना म्हटले, "नाही म्हणा. दुसरा पाहू." बाबा म्हणाले, "संत्रं थांबते का? अन् थांबलंच, तर सोसायटीचा हप्ता थांबते का?" या दोन प्रश्नांत मार्शल आणि स्मिथ दोघेही येतात, असे मला आता वाटते. व्यापाऱ्यालाही धोका असतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. नागपुरी संत्र्याचे मोठे गिऱ्हाईक असलेल्या बांगलादेशाने अलीकडच्या वर्षांत आयातशुल्क वाढवत नेले, २०२३ साली पुन्हा वाढवले, तेव्हा व्यापारीही पोळले. पण त्यांचा तोटा गाडी भरण्याआधी मागे सरकवता येतो. बागायतदाराच्या मागे सरकवायला कोणी उरत नाही.

२०१४ साली नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळाले. नावाची राखण झाली, ही चांगलीच गोष्ट. पण मानांकनाने फळ एक दिवसही जास्त टिकत नाही. टिकते ते मेणाच्या लेपाने, शीतगृहाने, किंवा रस काढून बाटलीत भरल्याने. 'नोगा' हे नाव आपण बाटल्यांवर वाचतो. ती अक्षरे मुळी संत्रा उत्पादकांच्या संघाची आहेत, आणि आज तो व्यवसाय महाराष्ट्र कृषी उद्योग विकास महामंडळाकडे आहे. फळाला थांबवायचे तर उत्पादकाच्या हाती कारखाना हवा, हे त्या संघाला कळले होते.

याच्या उलट भिवापुरी मिरची. तीही आपल्याच जिल्ह्याची आणि तीही मानांकन मिळालेली. ती वाळते, पोत्यात भरून ठेवता येते. मग तिच्या उत्पादकाने आरामात थांबावे! पण सातऱ्यावर जाऊन पाहावे. सातरा म्हणजे मिरचीचे देठ खुडण्याची जागा. दिवसभर खोकत, जळजळणाऱ्या हातांनी देठ खुडणाऱ्या बायांची मजुरी मिरचीबरोबर पोत्यात बांधून ठेवता येत नाही. ती संध्याकाळी लागते. माल टिकाऊ, माणूस नाशवंत.

विणकरांची गोष्टही याच वळणाची आहे. पाचपावली, गोळीबार चौक, तांडापेठ या भागांत एकेकाळी मागांचा आवाज नित्याचा होता. हातमागाची साडी नासत नाही. वर्षभर घडीत राहिली तरी तिचे काही बिघडत नाही. पण सूत उधारीचे, आणि उधारी देणाराच साडीचे गिऱ्हाईक असेल, तर विणकराने साडी थांबवून ठेवायची कशाच्या जोरावर? ही गाठ सोडवायची म्हणून सहकारी संस्था निघाल्या, १९७१ साली नागपुरातच मुख्यालय असलेले महाराष्ट्र राज्य हातमाग महामंडळ स्थापन झाले. सूत द्यावे, माल घ्यावा, विणण्याची मजुरी रोख द्यावी, ही कल्पना योग्यच होती. पण संस्थेकडे माल पडून राहू लागला की तीही थकते आणि माग थांबतात.

नागपूरहून जवळच, वर्ध्याला, भाव उलट्या बाजूने ठरवण्याचा एक प्रयोग झाला होता. १९३५ साली अखिल भारत चरखा संघाने गांधीजींच्या आग्रहावरून कातणाऱ्यांना किमान मजुरी देण्याचे ठरवले. आधी बाईच्या पोटाचा हिशेब, मग खादीची किंमत. खादी महागली, खप घटण्याची भीती कार्यकर्त्यांनीच बोलून दाखवली. गांधीजी हटले नाहीत. हा प्रयोग व्यवहारात किती टिकला यावर आमच्या सरांचे आणि माझे मतभेद आहेत. परंतु घेणाऱ्याने थांबू नये अशी नव्हे, तर विकणाऱ्याला थांबता यावे अशी ती रचना होती, एवढे तरी मान्य व्हावे.

कायद्यांनी केले ते निराळे. १९६३ च्या बाजार समिती कायद्याने सौदे उघड्यावर आणण्याची व्यवस्था केली. २०१६ साली फळे-भाजीपाला आवाराबाहेर विकण्याची मोकळीक मिळाली आणि शेतकऱ्याकडून कापली जाणारी अडत बंद झाली. त्याच वर्षी संत सावता माळींच्या नावाने शेतकरी आठवडे बाजारांची योजनाही आली. दलाली वाचली. सूर्यास्त मात्र आहे तिथेच आहे.

यंदा स्नेहसंमेलनातल्या आनंद बाजारात आम्ही दोन पाहुण्या विक्रेत्या बोलावल्या होत्या. एक भाजीवाली, दुसरी बचतगटाची बाई, हातमागाच्या सहा साड्या घेऊन आलेली. संध्याकाळी पाचला मंडप आवरायची वेळ झाली. भाजीवालीने उरलेला ढीग निम्म्या भावात काढला. आमच्यातल्या काहींनी तिथेच तिसरा भाव केला. एका प्राध्यापिका बाईंनी साडीचेही निम्मे मागून पाहिले. त्या बाईने मान हलवली, चार साड्यांच्या घड्या नीट केल्या, पिशवीत भरल्या आणि म्हणाली, "गटाचा हप्ता भरून झाला जी या महिन्याचा. पुढच्या वर्षी आणीन."