लिनक्सची स्थापना आणि प्रोसेसरची ओळख

शाळा, ग्रामपंचायती व लहान कार्यालये यांच्याकडील जुने संगणक पुन्हा उपयोगात आणण्यासाठी लिनक्स ही विनामूल्य मिळणारी प्रणाली सोयीची ठरते. तिची प्रत निवडताना मात्र 'आय३८६', 'एएमडी६४', 'एआरएम६४' अशी नावे समोर येतात. ती प्रोसेसरच्या रचनेची नावे होत. येथे निवड चुकल्यास चांगला संगणकही अकाली कालबाह्य ठरतो. म्हणून ही नावे समजून घेणे अगत्याचे आहे.

नावांचा अर्थ

फिनलंडमधील विद्यार्थी लायनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली लिनक्सचा गाभा लिहिला, तो इंटेलच्या ८०३८६ या ३२ बिटी प्रोसेसरसाठी. 'आय३८६' हे नाव त्या प्रोसेसरवरून आले. पुढे २००३ मध्ये एएमडी कंपनीने त्याच घराण्याचा ६४ बिटी प्रोसेसर बाजारात आणला आणि इंटेलनेही ती रचना स्वीकारली. त्यामुळे 'एएमडी६४' ही प्रत इंटेलच्या ६४ बिटी प्रोसेसरवरही चालते. 'एआरएम६४' हे घराणे वेगळे. रास्पबेरी पाय ३ व त्यानंतरच्या छोट्या संगणकांत ते आढळते. एका घराण्याची प्रत दुसऱ्यावर चालत नाही.

दोन प्रकारच्या चुका

केवळ ३२ बिटी असलेल्या यंत्रावर ६४ बिटी प्रत घातली, तर ती आरंभीच सूचना देऊन थांबते. डिस्कवरील माहिती सुरक्षित राहते. उलट, ६४ बिटी यंत्रावर ३२ बिटी प्रत निमूटपणे चालते व चूक ध्यानात येत नाही. तिचे परिणाम मागाहून जाणवतात. एका कार्यक्रमाला ४ गिगाबाइटपेक्षा अधिक स्मृती वापरता येत नाही आणि नव्या आवृत्त्यांचा मार्ग खुंटतो. डेबियन या प्रसिद्ध लिनक्स वितरणाने ऑगस्ट २०२५ मधील तेराव्या आवृत्तीपासून ३२ बिटी इंटेल यंत्रांसाठी स्थापना-प्रत देणे बंद केले आहे. सुरक्षाविषयक सुधारणा थांबलेल्या संगणकावर दाखले अथवा गुणपत्रके ठेवणे धोक्याचे होय.

तपासणी कशी करावी

यंत्राच्या वयावरून अंदाज बांधू नये. 'कोअर ड्युओ' व 'कोअर २ ड्युओ' हे दोन्ही इंटेल प्रोसेसर २००६ सालचे. पहिला ३२ बिटी, तर दुसरा ६४ बिटी. विंडोज १० मध्ये 'अबाउट' या पानावरील 'सिस्टिम टाइप' ही ओळ वाचावी. तीत प्रणाली व प्रोसेसर यांचा प्रकार वेगवेगळा दिलेला असतो. त्यातील प्रोसेसरचा प्रकार ग्राह्य धरावा. लिनक्समध्ये 'एलएससीपीयू' ही आज्ञा लहान इंग्रजी अक्षरांत द्यावी. उत्तरात ३२ व ६४ हे दोन्ही प्रकार आल्यास यंत्र ६४ बिटी समजावे. 'यूनेम' ही आज्ञा केवळ चालू गाभ्याचा प्रकार सांगते. तिच्यावर विसंबून राहू नये.

निर्णय

प्रोसेसर ६४ बिटी असल्यास 'एएमडी६४' हीच प्रत घ्यावी. स्मृती कमी असल्यास ३२ बिटी प्रतीकडे न वळता एक्सएफसीईसारखा हलका डेस्कटॉप निवडावा. ३२ बिटी प्रत आधीच बसविलेली असल्यास सर्व माहितीची प्रत अन्यत्र काढून ६४ बिटी प्रणाली नव्याने बसविणे हा सोपा मार्ग आहे. यंत्र खरोखरच ३२ बिटी असल्यास ते महत्त्वाच्या नोंदींसाठी न वापरता, इंटरनेटला न जोडता, टंकलेखनाच्या सरावासारख्या कामी लावावे. संगणक भंगारात काढण्यापूर्वी ही पाच मिनिटांची तपासणी अवश्य करावी.