जुन्या जिप्सीतील एसी उभ्या गाडीत कोमट का होतो?

प्रश्न : जुन्या मारुती जिप्सीत बाहेरून बसवलेला एसी महामार्गावर गार हवा देतो, पण देहूरोडच्या बाजारात गाडी रेंगाळली की हवा कोमट होते, गॅस भरूनही फरक पडला नाही. कारण काय असावे? (वाचक, देहूरोड)

उत्तर : हे लक्षण बहुधा कंडेन्सरकडे, म्हणजे तप्त वायूची उष्णता बाहेर टाकून त्याचा द्रव करणाऱ्या, रेडिएटरपुढील जाळीकडे बोट दाखवते; कारण धावत्या गाडीत समोरचा वारा जे काम करतो, ते उभ्या गाडीत पंख्यालाच करावे लागते. गाडी उभी ठेवून, इंजिन व एसी चालू असताना कंडेन्सरवर पाण्याची बारीक फवारणी करावी. दाबमापकावरील (गेज) उच्च बाजूचा, म्हणजे कॉम्प्रेसरमधून निघणाऱ्या वायूचा, दाब उतरून थंडावा परतला, तर दोष बहुधा हवेच्या प्रवाहात आहे, असे समजावे. तेव्हा प्रथम पंख्याची दिशा तपासावी, कारण वायरी उलट जोडल्या गेल्यास कंडेन्सरपुढील पंखा रेडिएटरकडे हवा ढकलण्याऐवजी पुढे फेकतो, आणि ही चूक बाहेरून केलेल्या फिटिंगमध्ये सहज राहून जाते. याउलट उच्च बाजूचा दाब मुळातच कमी आणि कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या नळीतील दाब जास्त असेल, तर कॉम्प्रेसर झिजला असण्याची शक्यता अधिक.

अंदाजाने पुन्हा गॅस भरणे मात्र घातक आहे, कारण जादा गॅसने दाब आणखी चढतो. जुना गॅस यंत्राने काढून, किमान अर्धा तास निर्वात करून, मगच आर-१३४ए हा गॅस वजन करून भरावा; ओलावा उरल्यास तो एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या, म्हणजे द्रवाचा दाब उतरवणाऱ्या झडपेच्या, अरुंद छिद्रात गोठतो. बाहेरची गरम हवा आत शिरू नये म्हणून कापडी हूडच्या फटीही बुजवाव्यात.