पहाटे गप्प होणारा सेन्सर

घरगुती हवामान केंद्राचे दोन भाग असतात. एक घरातला पडदा आणि दुसरा बाहेर खांबावरचा सेन्सर. सेन्सर तापमान, आर्द्रता, वारा, पाऊस मोजतो आणि काही सेकंदांनी एकदा ती मापं रेडिओलहरींवरून घरात पाठवतो. सेन्सरमधले दोन सेल वर्षभर तरी सहज टिकायला हवेत. तीन-चार महिन्यांत संपू लागले, तर कुठेतरी दोष आहे. निफाडचे एक द्राक्षबागायतदार आणि इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली त्यांची पुतणी यांच्या पुढील संवादात तो दोष क्रमाने शोधला आहे.

तात्या : दिवाळीला नवे सेल घातले आणि संक्रांतीच्या आत सेन्सर बंद! निफाडची थंडीच सेल खाते बघ.

पुतणी : थंडी सेल खात नाही तात्या, ती कमजोर सेल उघडा पाडते. इथला गारठा मोठाच आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर डिसेंबर २०१८ च्या अखेरीस पारा २ अंशांच्याही खाली गेला होता. अल्कलाईन सेलमधलं द्रावण पाण्यातलं असतं. गारठ्यात त्यातली आयनांची हालचाल मंदावते आणि सेलचा अंतर्गत रोध वाढतो. एरवी सेन्सर झोपलेला असतो, पण संदेश पाठवताना क्षणभर जास्त वीज ओढतो. त्याच क्षणी व्होल्टेज खाली बसतं आणि सेन्सर गप्प होतो. तरी चांगला अल्कलाईन सेल उणे १८ अंशांपर्यंत चालेल असा बनवलेला असतो. निफाडच्या दोन अंशांत ताजा सेल मरत नाही.

तात्या : मग थंडीचं कारण आणि दुसरं कारण वेगळं ओळखायचं कसं?

पुतणी : बंद पडायची वेळ बघायची. पहाटे गप्प झाला आणि उन्हं वर आल्यावर आपोआप बोलू लागला, तर सेल आधीच बराचसा संपलेला आहे आणि थंडीने दाबला आहे. दुपारीही बंदच असेल, तर सेल खरोखर रिता झालाय. तो कशाने रिता झाला, ते शोधायचं. तुम्ही सेल कोणते घातले होते?

तात्या : भिंतीवरच्या घड्याळात घालतो तेच.

पुतणी : ते जस्त-कार्बनचे. घड्याळाला चिमूटभर वीज लागते म्हणून तिथे पुरतात. त्यांची साठवण अल्कलाईनच्या निम्मीही नसते. चार्ज होणारे निकेलचे सेलही इथे अडचणीचे. ते १.२ व्होल्टचे, म्हणजे दोन मिळून २.४. अल्कलाईनचे दोन मिळून ३ होतात. त्यामुळे सेलमध्ये वीज शिल्लक असतानाच ‘बॅटरी कमी’ची खूण लागते. थंडीसाठी सगळ्यांत चांगला दीड व्होल्टचा लिथियम सेल, तो उणे ४० पर्यंत चालतो. महाग आहे, पण वारंवार शिडी लावून खांबावर चढायचं टळतं. मात्र त्याच आकाराचा ३.७ व्होल्टचा लिथियम सेलही मिळतो. तो चुकूनही घालू नका, सेन्सरच जळेल.

तात्या : गेल्या वर्षी अल्कलाईन घातले होते. तेही चार-साडेचार महिन्यांतच गेले.

पुतणी : मग हिशेब मांडू. एका सेलची साठवण धरा २००० मिलिअँपिअर-तास. सेन्सर सरासरी ०.१ मिलिअँपिअर ओढत असेल, तर २०,००० तास, म्हणजे सव्वादोन वर्षं. आता नुसती ०.५ मिलिअँपिअरची गळती जोडा. एकूण ०.६ झाले. सेल पुरले ३,३३३ तास, म्हणजे साडेचार महिने. तुमचा आकडा नेमका इथेच बसतो. सेन्सर खाली काढून आणा, बघू.

सेन्सर मांडवाच्या कडेला, फवारणीच्या ब्लोअरच्या माऱ्यात उभा होता. टपावर निळसर पांढरा थर वाळलेला होता. झाकणाची रबरी वादी एका कोपऱ्यात मुडपलेली, आत मुंग्यांची माती, आणि स्प्रिंगच्या बुडाशी हिरवट गंज.

पुतणी : हा निळा थर बोर्डो मिश्रणाच्या फवाऱ्याचा. मोरचूद-चुन्याचं हे पाणी वादीच्या फटीतून आत शिरलं. त्यातले क्षार दवाने रोज रात्री ओले होतात आणि दोन टोकांमधून वीज झिरपत राहते. काड्यापेटीएवढ्या जागेत हे घडतं, म्हणून कुणाचं लक्ष जात नाही. खरा चोर हाच.

तात्या : साफ कसं करायचं?

पुतणी : सेल काढून कापसाच्या बोळ्याने हिरवट गंज व्हिनेगरने किंवा लिंबाच्या रसाने पुसायचा. फुटलेल्या सेलचा पांढरा खार असेल तर तोही असाच निघतो. मग स्वच्छ पाण्याचा बोळा फिरवायचा आणि पूर्ण सुकू द्यायचं. वादी बदलायची. फवारणीच्या दिवशी सेन्सरवर प्लास्टिकची पिशवी घालायची आणि संपलं की लगेच काढायची, नाहीतर आत घाम धरतो.

तात्या : शेजारच्या बागेतल्या केंद्राला वर सोलर पट्टी आहे. तरी त्याचाही सेल जातो.

पुतणी : त्यात दिवसाची वीज बहुधा सुपरकॅपॅसिटरमध्ये साठते आणि सेल फक्त आधाराला असतो. कॅपॅसिटर उन्हाळ्याच्या तापाने म्हातारा होतो, मग रात्रीचा सगळा भार सेलवर पडतो. लख्ख उन्हाच्या दिवशी संध्याकाळी सेल काढून बघायचं. अंधार पडताच केंद्र बंद झालं, तर कॅपॅसिटर गेला. पट्टीवर गंधकाची भुकटी बसली असेल तर ती आधी पुसायची.

तात्या : घर लांब आहे म्हणून जास्त वीज जाते का?

पुतणी : आपला सेन्सर एकतर्फी बोलणारा आहे. कुणी ऐको न ऐको, तो तेवढीच वीज खर्चतो. सिमकार्डाच्या केंद्राचं तसं नाही. रेंज कमी असली की ते जोर लावून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं.

तात्या : मल्टिमीटर आहे आपल्याकडे.

पुतणी : नुसत्या सेलचं व्होल्टेज फसवतं. सेल सेन्सरमध्ये असताना, आणि शक्यतो पहाटे मोजा. दोन्ही सेल एकाच वेळी, एकाच प्रकारचे बदला. जुन्याशी नवा जोडला, तर जुना उलट्या दिशेने चार्ज होऊन फुटू शकतो. आणि नव्या सेलवर मार्करने आजची तारीख लिहा. पुढच्या वेळी ते किती दिवस टिकले हे त्यावरूनच कळेल.