लॉकवरचे नाव कारागिराचे नव्हे

प्रश्न : आमच्याकडच्या जुन्या अमेरिकन लाँगरायफलच्या लॉकवर (बार उडवणाऱ्या यंत्रणेवर) ‘केटलंड’ असे कोरले आहे. तोच तिचा कारागीर समजावा का?

उत्तर : नाही. केटलंड हे इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचे व्यापारी घराणे, आणि त्यांची तयार लॉक अमेरिकेत भरपूर जात. पेनसिल्व्हेनियाचा बंदूककार अशी लॉक विकत घेऊन स्वतःच्या रायफलला बसवी. ते नाव सुट्या भागाचे, बंदुकीचे नव्हे. कारागीर सही करीच असे नाही; केली तर ती बहुधा अष्टकोनी नळीच्या वरच्या पैलूवर सापडते. पेनसिल्व्हेनियातल्याच लँकेस्टरचा बंदूककार जेकब डिकर्ट तिथेच नाव टाकत असे. पण नळ्याही विकत मिळत आणि जुनी नळी नव्या दस्त्यावर चढवली जाई. शिवाय नाव कोरले की किंमत वाढते, हे बनवेगिरी करणाऱ्यालाही ठाऊक असते! म्हणून माझा भर दस्त्यावर. मेपलच्या दस्त्याची ठेवण, कोरीवकाम आणि पॅचबॉक्सचे, म्हणजे दस्त्यातल्या छोट्या कप्प्याचे, पितळी झाकण एका हाताने, एका प्रांताच्या वळणाने घडते. झाकणाच्या टोकाला डेझीचे फूल असेल तर लँकेस्टर आठवावे, दस्त्याची वरची कड कमानदार असेल तर लीहाय खोरे.

यावर आक्षेप असा, की शागीर्द गाव बदलत आणि वळण सोबत नेत. खरे आहे; त्यामुळे वळणावरून परंपरा कळते, माणूस नव्हे. माणसाचे नाव घ्यायचे तर सही केलेल्या निःसंशय नमुन्याशी कोरीवकाम रेघेरेघेने जुळले पाहिजे. तोवर ‘लँकेस्टर वळणाची’ एवढेच लिहावे.